टाकीवरची बाग

"सतरा."

तारेच्या कुंपणाच्या भोकातून मी अर्धी आत, अर्धी बाहेर होते. पिशवीचा बंद तारेत अडकलेला, एक चप्पल पलीकडेच राहिलेली… आणि नेमक्या अशा वेळी डोक्यावरून कुणीतरी आकडा म्हणालं.

मान वर केली. उंच, सडपातळ माणूस. हातात माणसं मोजायचं ते टिक्-टिक् वाजणारं यंत्र, काखेत कागदांची गुंडाळी, आणि नाकावर चष्मा. उजवीकडे चांगलाच कललेला.

"काय सतरा?"

"तुम्ही."

"मी?"

"म्हणजे… या भोकातून जाणारं सतरावं माणूस. सकाळी दहापासून."

"मोजून झालं असेल तर बंद सोडवता का? माझी बस जाईल."

तो गडबडीनं खाली बसला. काटा काढावा इतक्या हळुवार हातानं त्यानं तारेतून बंद सोडवला, चप्पलही पुढे केली. आता मी निघायला हवं होतं. पण मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांचे डोळे तपासते, काचांचा नंबर ठरवते, फ्रेम बसवून देते. वाकडा चष्मा दिसला की माझे हात शिवशिवतात.

"एक मिनिट थांबा," म्हणून मी सरळ त्याच्या नाकावरचा चष्मा काढला. पिशवीतला बारका पेचकस घेऊन डावीकडचा स्क्रू आवळला, दांडी जरा वाकवली. तेवढा वेळ तो श्वास रोखून उभा होता, दाढी करून घेताना माणूस न हलता बसतो तसा. चष्म्याशिवाय त्याचे डोळे फार कोवळे दिसत होते… मी मुद्दामच जरा जास्त वेळ लावला असेन. असेन काय, लावलाच.

चष्मा परत नाकावर ठेवला. "आता?"

"आता…" त्याचे कान लाल झाले. "आता तुम्ही स्पष्ट दिसताय."

बस गेली. मला तिचं काहीच वाटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं ते दुकानात पोचल्यावर.

आमची कामगार वसाहत आणि मुख्य रस्ता यांच्यामध्ये एक भलंमोठं मैदान होतं. कधीकाळी तिथे शहराचं जुनं जलकेंद्र होतं. ते बंद पडलं, पंपघराचं छप्पर गेलं, गवत कमरेएवढं वाढलं आणि भोवती तारेचं कुंपण आलं. रस्त्याच्या बाजूला काचेच्या उंच इमारती, आमच्या बाजूला चार मजली जुन्या. तिकडून बघणाऱ्याला आम्ही दिसत नसू, आम्हाला मात्र ते सगळे दिसायचे. वसाहतीतून बसथांब्याला जायला वळसा घेतला तर पंचवीस मिनिटं, कुंपणातून सहा. म्हणून ते भोक.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच. महापालिकेच्या उद्यान विभागात होता, बागांचे नकाशे काढायचा. या मैदानाची बाग होणार होती.

"आणि मोजताय कशाला?"

"लोक कुठून येतात-जातात ते कळलं की फाटक कुठे ठेवायचं ते ठरतं. तुमच्या बाजूनं फारच कमी येणं-जाणं आहे. काल दिवसभरात चौसष्ट."

मला हसू आवरेना. "दिवसभर म्हणजे?"

"दहा ते पाच."

"अहो मोजणीवाले, दहा ते पाच आमची माणसं कामावर असतात! तुम्ही मोजलंत ते राहिलेलं. पहाटे साडेपाचला येऊन दाखवा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. शाळेत फळ्यावरच्या गणितातली चूक पोरीनं दाखवली की मास्तर बघतात तसा. मग खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"चष्मेवालीचं बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी खिडकीतून पाहिलं, तर स्वारी भोकापाशी हजर! मफलर, थर्मास आणि ते यंत्र. टिक्, टिक्, टिक्… इस्पितळातल्या आया, कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या बायका, बसचालक, पाव भाजणारे, कार्यालयं झाडणाऱ्या मावश्या. सगळे वाकून भोकातून जात होते आणि जाताना त्याला "काय साहेब, आज लवकर?" विचारत होते. सात वाजेपर्यंत आकडा नऊशेच्या वर गेला.

"तो बघ, तुझा मोजणीवाला," वहिनी मागून म्हणाली.

"माझा कसला?"

"मग तू आज साडेपाचला केस विंचरून खिडकीत कशाला बसलीयस गं?"

बाबा पलंगावरून हसले. माझे बाबा त्याच जलकेंद्रात पंपचालक होते, एकतीस वर्षं. गुडघे गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं सुटलं होतं. दिवसभर ते खिडकीतून त्या गवताकडे बघत बसायचे. मला वाटायचं, वेळ जात नाही म्हणून बघत असतील.

पुढचे तीन आठवडे तो रोज यायचा. कधी वसाहतीच्या जिन्यात आजीबाईंजवळ बसून विचारायचा, "बागेत बाकडं कसं हवं?" "पाठ असलेलं, आणि उठताना हाताला धरायला काहीतरी," त्या सांगायच्या, की हा लिहून घ्यायचा. बायकांनी सांगितलं, आडोसा नको, लांबून दिसेल असं सगळं हवं. तेही लिहिलं. दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी मी त्याच्याबरोबर हिंडायचे. मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच ना…

आणि एके दिवशी त्यानं नकाशा उलगडला. चेहरा पडलेला.

मी पाहिलं. झाडं होती, कारंजं होतं, धावायची वाट होती. मुख्य रस्त्याकडे मोठं फाटक. आमच्या बाजूला एक सरळ, जाड, काळी रेघ.

"हे काय?"

"भिंत." तो पुटपुटला. "मोठ्या साहेबांनी घातलीय. तुमच्या बाजूची जमीन भरावाची आहे, असं जुन्या कागदात आहे. भार सोसणार नाही, म्हणून तिथे फाटक नको, वाटही नको—"

"भिंत कशासाठी? आम्हाला बाग दिसू नये म्हणून, की बागेला आम्ही दिसू नये म्हणून?"

"असं नका ना बोलू…"

"नऊशे माणसं मोजलीत तुम्ही! त्यांना काय सांगणार? भोकसुद्धा राहणार नाही आता?"

मी तरातरा घरी आले. तोही मागोमाग तीन जिने चढून आला, धापा टाकत. दारात उभा राहून त्यानं बाबांना नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, यांना सांगा, मी भिंतीच्या बाजूनं नाही. पण जमीन भरावाची असेल तर माझा इलाज नाही."

बाबांनी चष्मा पुसला. "भराव? कोण म्हणतं?"

"कागद म्हणतात."

"कागदांना काय कळतंय! तिथे भराव नाही बाळा. तिथे पोकळ आहे. खाली टाकी आहे."

"टाकी… केवढी?"

बाबा जरा थांबले. खिडकीबाहेर बोट दाखवलं. पंपघराच्या कोपऱ्यापासून थेट आमच्या इमारतीच्या पायरीपर्यंत त्यांनी ते सावकाश फिरवत आणलं.

"एवढी."

त्यानं खिशातून वही काढली.

त्या शनिवारी बाबा जिना उतरले. चार वर्षांनी. एका बाजूनं दादा, दुसऱ्या बाजूनं तो. प्रत्येक वळणावर खुर्ची टाकायची, बसायचं, पुन्हा उठायचं. मैदानात पंपघराच्या कोपऱ्याला पाठ लावून ते उभे राहिले आणि काठी टेकत पावलं मोजू लागले. एक्केचाळिसाव्या पावलाला काठी आपटली. ठण्ण! गवत उपटलं, माती ओढली, तर खाली लोखंडी झाकण.

अग्निशमन दलाची दोन माणसं आली होती. आधी त्यांनी हवा तपासली, खाली जाऊन पाहिलं. वर आले तेव्हा त्यातला एक जण नुसताच डोकं हलवत होता. मग शिडी लावून आम्ही दोघं उतरलो. बाबा झाकणाशी खुर्चीवर बसून वरून सूचना देत होते, "छताला हवेची भोकं आहेत, मातीनं बुजलेली. दादाला सांगतो, उघडेल."

सुरुवातीला काहीच दिसेना. गार, ओला वास. घोट्याएवढं पाणी. विजेरीच्या झोतात विटांचा एक खांब दिसला. त्याच्यामागे आणखी एक. त्याच्यामागे आणखी…

आणि वर दादानं पहिलं भोक मोकळं केलं.

उजेडाचा एक सरळ दांडा खाली आला आणि पाण्यात उभा राहिला. मग दुसरा. तिसरा. एकेक करत अंधार मागे सरकत गेला आणि खांबांच्या रांगा उलगडत गेल्या, कमानीला कमान, कमानीला कमान, नजर पोचेना तिथवर. तांबूस विटा, त्यांच्यावर पाण्याची हलती नक्षी, आणि स्थिर पाण्यात ते सगळं पुन्हा एकदा, उलटं. माझ्या पायांखालीही कमानी होत्या. मला पाऊल उचलायची भीती वाटली. हे सगळं मोडेल की काय, असं वाटलं.

एवढी वर्षं मी रोज याच्या डोक्यावरून चालत बस पकडायला जात होते.

त्यानं चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला. मग पाण्यातून लांब चालत गेला, मोजायला म्हणून. पण त्यानं मोजलं नाही. पार टोकाला भिंतीशी जाऊन उभा राहिला, बोटभर दिसत होता. आणि माझ्या अगदी कानाशी कुणीतरी कुजबुजलं,

"इतकं सुंदर काही बघताना… बरं झालं, ही सोबत आहे."

मी दचकून मागे पाहिलं. कुणी नव्हतं. कमानींवरून घरंगळत त्याचा आवाज माझ्यापर्यंत आला होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता!

मीही तोंड भिंतीकडे केलं आणि हळूच म्हटलं, "मलाही तसंच वाटतंय."

लांबवर, पाण्यात कुणीतरी धडपडल्याचा आवाज आला.

वरून बाबा ओरडले, "काय झालं रे?"

"काही नाही काका!" तो ओरडला. "चपला… चपला निसटल्या!"

टाकीची बातमी कार्यालयात पोचली आणि मोठे साहेब स्वतः उतरून बघून गेले. हरखून गेले, खोटं कशाला बोलू? पण नव्या नकाशात पायऱ्या फक्त मुख्य रस्त्याच्या बाजूनं आल्या. भिंत होती तिथेच.

"आमच्या बाजूनं रुंद उतार हवा," त्यानं साहेबांना सांगितलं. "ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांनाही खाली जाता आलं पाहिजे. त्याशिवाय मी नकाशावर सही करणार नाही."

"विचार करून बोला," साहेब म्हणाले.

"पहाटे साडेपाचपासून विचार करतोय, साहेब."

नकाशा मंजूर होण्याआधी नागरिकांना तो दाखवावा लागतो. दरवेळी ही सभा कार्यालयात, कामाच्या दिवशी, सकाळी अकराला होते आणि तीन माणसं येतात. त्यानं सूचना काढली: सभा रविवारी, मैदानावर. आदल्या दिवशी गवत कापून घेतलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचा नकाशा जमिनीवर खऱ्या मापात काढला, पांढऱ्या फक्कीनं. हे फाटक, हा उतार, ही बाकडी.

रविवारी लोक आले आणि माझ्या अंगावर काटा आला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी रेघा ओलांडून कुणीच आत शिरलं नाही. फाटक होतं तिथूनच सगळे आत येत होते, नसलेल्या फाटकातून! आजीबाईंनी घरून खुर्च्या आणून बाकड्यांच्या जागी मांडल्या. काचेच्या इमारतींतली माणसंही आली, धावायचे बूट घालून. ती आधी जराशी बिचकली, मग आमच्या मावश्यांच्या शेजारी बसली. मोकळ्या जमिनीवर बाग अशी उभी राहिली, की ती नाही हे कुणाला पटलं नसतं.

साहेबांनी टाकीच्या छतावरचा भार, खर्च, अडचणी असं बरंच सांगितलं. मग बाबा काठी टेकून उभे राहिले.

"साहेब, एकतीस वर्षं या टाकीतून मी पाणी सोडलं. एक नळ त्या बाजूला, एक या बाजूला. दोन्ही सारख्या मापाचे. बांधणाऱ्यानंच तसं बांधलं होतं. मी फक्त चाक फिरवायचो." थोडं थांबून ते म्हणाले, "मला एकदा खाली जाऊन बघायचंय. पण मला शिडी चढता-उतरता येत नाही."

एवढंच. बसले.

साहेब बराच वेळ फक्कीच्या रेघांकडे बघत होते. त्या रेघांच्या आत त्या क्षणी सहाशे माणसं होती.

"उतार राहू द्या," ते म्हणाले. "फाटकही."

त्याच आठवड्यात मोजणीवाल्याची बदली झाली. परस्पर सभा बोलावली म्हणून. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दिवाबत्ती विभागात, तक्रारींच्या खिडकीवर. मला सांगायला तो बसथांब्यावर आला. दोघांनाही खूप बोलायचं होतं. बस आली, आणि आम्ही "बरं मग…" एवढंच म्हणालो.

पुढे फोन होते. पण फोनवर आम्ही दोघंही मुके.

"काम कुठवर आलं?"

"उताराच्या विटा बसल्या."

"छान."

"हो… छान."

सात महिने असेच गेले.

बाग उघडली त्या सकाळी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. जिना उतरायचा सराव ते रोज करत होते. त्या दिवशी फक्त दोनदा बसले. आमच्या फाटकातून, ताठ मानेनं, कुठेही न वाकता आत गेले आणि उतारावरून कठड्याला धरत खाली, खाली… शेवटच्या वळणावर एकदम थांबले.

हवेच्या भोकांवर आता काचा होत्या. सकाळचं ऊन तिरपं आत आलं होतं. निम्म्या टाकीत घोट्याएवढं पाणी ठेवलं होतं आणि त्यात पाय सोडून माणसं बसली होती. कारखान्यातून रात्रपाळी करून आलेल्या दोघी, त्यांच्या शेजारी काचेच्या इमारतीतली एक बाई, बूट बाजूला काढून. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बोलावंसंच वाटत नव्हतं.

बाबांनी एका खांबावर हात ठेवला. बराच वेळ.

"एवढं होतं होय हे…" ते म्हणाले. "आयुष्यभर मी नुसतं झाकण सांभाळलं गं." आणि ते रडू लागले, अगदी शांतपणे, आनंदानं. मी त्यांचा दंड धरून उभी राहिले. माझी नजर त्या गर्दीत एकच माणूस शोधत होती.

तो आला नाही. येतो म्हणाला होता.

पंधरा दिवस वाट बघितली. मग एक दिवस दुकानातून सुट्टी घेतली, दोन बसगाड्या बदलल्या आणि दिवाबत्ती विभागाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

खिडकीत तो मान खाली घालून बसला होता. समोर जाडजूड नोंदवही.

"बोला, काय तक्रार?"

"आमच्या बागेत एक माणूस येत नाही."

मान झटकन वर झाली. कान लाल.

"ही… दिव्यांची खिडकी आहे," तो कसाबसा म्हणाला.

"मग माणसांची कुठली आहे? सांगा, तिकडे जाते."

"मी आलो असतो. पण तिथे आता माझ्या जागी दुसरा माणूस आहे. मी आलो की लोक मलाच विचारणार, त्याच्या कामात लुडबुड नको. आणि…"

"आणि?"

"काम होतं तोवर रोज भेटायला निमित्त होतं. आता काय सांगून यायचं, ते कळेना."

"निमित्त संपलं, तर माणसानं नुसतं यायचं असतं," मी म्हटलं. "बाबांनी खांबाला हात लावला तेव्हा तू तिथे हवा होतास."

'तू' कधी तोंडातून निसटलं, मलाच कळलं नाही. त्याला मात्र कळलं.

"अहो साहेब," मागून एक आजोबा म्हणाले, "जरा आटपा. आमच्या गल्लीत चार दिवस अंधार आहे."

"हो, हो… नियमानं नोंद करतो." त्यानं वही पुढे ओढली. "ठिकाण, टाकीवरची बाग. तक्रार… लिहिली. तक्रारदाराचा संबंध? रहिवासी, दुकानदार की इतर?"

"इतर."

"इतर असेल तर स्पष्ट लिहावं लागतं."

"मग लिही की."

तो थांबला. टेबलावरची पेन्सिल उचलली. दोन शब्द लिहायला त्याला इतका वेळ लागला, की आजोबांनी दोनदा खाकरून घेतलं. मग त्यानं वही माझ्याकडे फिरवली.

"वाचून सही कर. पटलं तर."

मी वाचलं. 'नियोजित वधू.'

"पेन्सिलनं का?"

"लोकांना दाखवून त्यांचा होकार मिळेपर्यंत नकाशा पेन्सिलनंच काढायचा असतो," तो हळूच म्हणाला. "खोडता यावा म्हणून."

मी खिडकीतून हात घालून त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. ते दोन शब्द मी शाईनं गिरवले, एकेक अक्षर, काना-मात्रा न चुकवता. खाली सही केली.

"झालं का?" आजोबांनी विचारलं.

"झालं," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.